खालिदभाईंनी पास केलेली गाडी

होटगी रस्त्यावर खालिदभाईंचं सीट कव्हरचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माझं मंडपाचं गोडाऊन. जुनी पिकअप घ्यायची तर खालिदभाईंना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, हे आमच्या भागात कुणी ठरवलं देव जाणे. कारण या माणसानं एक सोडली तर आजवर एकही गाडी पास केलेली नाही. माझ्याच तीन नापास केल्या. मी अजून बांबू भाड्याच्या गाडीतून नेतो आणि परवापरवापर्यंत दर लग्नसराईत त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो.

तपासणी मात्र बघण्यासारखी. आधी बॉनेटवर तळहात ठेवणार. गरम लागलं की मालकाकडं बघून हसणार, "आमी यायच्या आदीच चालू करून ठेवली व्हय?" गार इंजिन कसं सुरू होतं आणि धूर कसला निघतो, हे त्यांना बघायचं असतं. मग मीटरकडं ढुंकूनही न बघता ड्रायव्हरच्या सीटवर बसणार आणि मला सांगणार, "मीटर मागं फिरवता येतो शिवराज. दबलेली सीट अन् झिजलेलं ब्रेकचं रबर खोटं बोलत न्हाय." शेवटी चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशी जुळवणार, बँकेचा बोजा उतरलाय का विचारणार, आणि सगळं ठीक निघालं तरी हात झटकून म्हणणार, "नको."

खरी गंमत त्यांच्या बायकोला, अनिसाभाभींना, गाडी हवी झाली तेव्हा आली. दुकानाच्या मागं भाभी गाद्या बनवतात. इतकी वर्षं त्या दुसऱ्या दुकानदारांसाठी गाद्या शिवायच्या, नाव त्या दुकानदारांचं. आता टेंभुर्णीच्या एका लॉजवाल्यानं थेट त्यांनाच काम देऊ केलं होतं. नव्या गाद्या पोचवायच्या, जुन्यांचा कापूस पिंजून त्या परत न्यायच्या, कायमचं काम. त्याची अट एवढीच की गाडी स्वतःची हवी आणि पहिला माल शुक्रवारी पोचायला हवा, नाहीतर काम दुसऱ्याला. भाभींनी लायसन काढून ठेवलंच होतं. "गाडी मीच चालवणार," असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

मग खालिदभाईंनी मोहोळपासून पंढरपूरपर्यंत गाड्या पालथ्या घातल्या. एकीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, दुसरी ऑइल गाळत होती, तिसरीत काहीच सापडेना तर म्हणे हिचा रंग फार नवा आहे. बुधवार उजाडला तरी दारात गाडी नाही. भाभींनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. चहा मिळत होता, पण कप आदळून.

त्याच सकाळी माळशिरसचा कुणी जोतीराम आपली पिकअप विकायला घेऊन दुकानासमोर येऊन उभा राहिला.

"थोरल्यानं नवी घेतली, दोन-दोन कुटं उभ्या करू? पण आदीच सांगतो भाई," तो खाली उतरत म्हणाला, "दुसरा गिअर सकाळच्याला अडतो. वायपर एकच चालतो. अन् डावा दरवाजा आतनं उघडत न्हाय, भाइरनंच उघडावा लागतो."

खालिदभाई गडबडले. लपवलेलं हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यापुढं हा भला माणूस सगळं ओतून मोकळा झाला होता. आता हुडकायचं काय? त्यांनी इंजिन गार व्हायला गाडी दुपारपर्यंत उभी करायला लावली. जोतीराम निवांत जेवून आला. मग खालिदभाई खाली शिरले, वर चढले, सीटवर बसून उठले आणि पुन्हा बसले. सांगितलेल्या तीन गोष्टींपलीकडं चौथी निघेना. मी आणि भाभी दारात उभं राहून बघत होतो.

"नको," ते शेवटी म्हणालेच.

भाभींचा बांध फुटला. "नको म्हणलं की तुमचं कदी चुकतच न्हाय. घेतलीच न्हाय तर गाडी बिघडंल कशी? पण माझं काम जातंय, त्याचं काय?"

"हायवेला मदीच बंद पडली अन् तू एकटी असलीस तर?"

हे ते इतक्या हळू बोलले की जोतीरामही दुसरीकडं बघायला लागला. मला एकदम त्यांची दया आली. माझ्या तीन गाड्यांचा राग तिथंच निवला.

"तर फोन करीन की," भाभी म्हणाल्या. आवाज उतरला होता. "तुमी येणार न्हाय व्हय?"

खालिदभाई दुकानात जाऊन मोजपट्टी घेऊन आले. "बस जरा हितं," ते ड्रायव्हरच्या सीटकडं बोट करून म्हणाले. "क्लचला पाय पोचतो का बघू."

पाय पोचत होता, पण बॉनेटपलीकडचा रस्ता नीट दिसत नव्हता. गुरुवारी त्यांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. जाड फोम कापला, सीट उंच केली, त्यावर आपल्याकडचं सगळ्यात भारी रेक्झिन चढवलं. त्यांच्या दुकानात मी एवढी नीट शिलाई कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी गाद्या लादल्या. भाभी स्टिअरिंगवर, खालिदभाई डावीकडं. टेंभुर्णीला पोचल्यावर म्हणे भाभी उतरल्या, वळसा घालून आल्या, त्यांनी दरवाजा उघडला आणि खालिदभाई नवरदेवासारखे खाली उतरले. लॉजवाल्यानं त्यांनाच मालक समजून हात जोडले. "मालकीण ती," खालिदभाई म्हणाले, "मी आपला बसून आलोय." हे सांगताना भाभी पदर तोंडावर धरून हसत होत्या. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं.

तिसऱ्या खेपेला बघतो तर खालिदभाई दुकानातच. मशीनवर शिवत होते आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की मान वर करत होते.

"भाई, त्या डाव्या दरवाज्याचं काम करून घ्या की," मी म्हणालो.

त्यांनी दातानं दोरा तोडला.

"कशाला? डावीकडं आता कोण बसतंय?"