वाजणारी गुलाबाई

कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला मी कुणाकडेच शिकले नाही, हे आधी सांगून ठेवते. नाहीतर लोक उगाच दुसऱ्याला दोष देतील. मुलानं नवा लॅपटॉप घेतला, जुना घरात पडून राहिला. त्यात नातीनं मूर्ती घडवायचा एक प्रोग्राम टाकला. पडद्यावर मातीचा गोळा येतो, तो ओढायचा, दाबायचा, घासायचा. हाताला माती लागत नाही, अंगण सारवावं लागत नाही. मला काय, गंमतच वाटली. व्हिडिओ बघत शिकले.

गेल्या वर्षी बाजारात गुलाबाईच मिळेना. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेला मुली गुलाबाई-गुलोजीची मातीची जोडी मांडतात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. गाणी झाली की झाकलेला खाऊचा डबा हलवायचा आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. ओळखल्याशिवाय खाऊ नाही. जुने घडवणारे थकले, त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. नात रडकुंडीला आली. मी म्हटलं, "रडतेस काय? मी करते." तिनं डोळे पुसले आणि तासाभरात गल्लीभर सांगून आली की यंदा सगळ्यांनी आमच्याकडेच यायचं.

शेजारी मोठ्या जाऊबाई राहतात. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "कॉम्प्युटरनी गुलाबाई का? मंग निवद बी कॉम्प्युटरवरच दावजो, वं माय!"

मी लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, पण दाखवलं नाही.

आता तो गोळा काही खरा गोळा नसतो बरं का. ती नुसती वरची कातडी असते, बारीक चौकटींची जाळी. खापरावरच्या मांड्याचं पीठ आपण हातावर ओढत नेतो ना, तसं मी गुलाबाईचं नाक ओढत नेलं. चौकटी ताणून ताणून लांबट झाल्या आणि नाकाला कडा आल्या, जशा दोडक्याच्या शिरा. त्यावर उपाय आहे. सगळी जाळी नव्यानं विण, असा हुकूम द्यायचा. दिला. नाक सुधारलं, पण गुलाबाईचा हात गुलोजीच्या मांडीला चिकटला. दोघं जवळ बसलेली, प्रोग्रामला वाटलं एकच माणूस आहे. अख्ख्या संसारात आम्हा नवरा-बायकोला जे साधलं नाही, ते त्यानं एका बटणात केलं. मग मागे जाऊन त्यांना जरा लांब बसवलं आणि पुन्हा विणलं.

पडद्यावरची मूर्ती प्लास्टिकमध्ये उभी छापायचं मशीन माझ्या नणंदेच्या मुलाकडे, सुरतेला. त्याला फाईल पाठवली की त्याचा फोन यायचाच. "मामी, पाठवरन्या चौकटी उलट्या शेतीस." म्हणजे बाहेरची बाजू आत गेलेली. उलटं घातलेलं पोलकं सुलटं करावं तसं ते केलं. मग म्हणे, आतून पोकळ कर, प्लास्टिक कमी लागतं. केलं. मग म्हणे, बुडाला भोक राहिलं, पाण्याचा थेंब जाणार नाही असं बंद कर. तेही केलं.

मधल्या काळात गुलाबाईच्या मांडीवर घडवलेल्या बाळाचं डोकं फार मोठं झालं होतं. नवं डोकं बसवलं. जुनं पुसायची भीती वाटली, कारण एकदा पुसायला गेले तर अख्खा गुलोजीच गेला होता. शिवाय आपल्या घरात काही टाकायची रीत नाही. फुटका माठसुद्धा माळ्यावर जातो. मी ते डोकं लहान केलं आणि गुलाबाईच्या पोकळ पोटात ठेवून दिलं. म्हटलं, असू दे, लागलं तर काढू.

भाच्याचा फोन आला. "मामी, पोटमा एक तुकडा सुटा दखास. काढी टाकू का?"

आता सासरच्या पोराकडून आपली चूक कोण ऐकून घेईल? मी म्हटलं, "मन्ही गुलाबाईना पोटमा काय शे, ते माले मालूम. तू छाप."

त्यानं छापलं.

पुनवेच्या दुपारी मूर्ती रेल्वेनं आली. घाईघाईनं रंगवली, नथ रेखली, कुंकू लावलं. नाक खरंच छान झालं होतं. संध्याकाळी अंगण मुलींनी भरलं. नात नवा घागरा घालून दारात उभी, येईल तिला सांगत होती, "मन्ही आजीनी बनाडी!" जाऊबाईही आल्या. पाटावर ठेवायला म्हणून त्यांनीच मूर्ती उचलली.

खडखड.

त्यांनी मूर्ती कानाला लावली. पुन्हा खडखड. "अवं, इन्हा पोटमा काय वाजस वं?"

अधांतरी तुकडा पडू नये म्हणून मशीन छापताना खाली आधाराच्या काड्या उभ्या करतं, त्या डोक्याखालच्या काड्या प्रवासात मोडल्या असणार. मी काय सांगणार? बाळाचं जुनं डोकं? नातीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मैत्रिणींकडे, आणि तिचा खालचा ओठ पुढे आला. येण्याआधीच गल्लीभर मिरवलेली गुलाबाई फुटकी निघाली होती.

तेवढ्यात मागून एक बारकी पोरगी ओरडली, "खाऊ!"

झालं. "शेंगदाणा!" "नही वं, खारीक!" "माले हालवू दे!" गुलाबाई या हातातून त्या हातात. नातीनं ओठ मागे घेतला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "एक-एक जण! मन्ही गुलाबाई शे!" मी पेढ्यांचा डबा घेऊन उभी होते, त्याच्याकडे कुणी बघेना.

कोजागिरीपर्यंत कुणालाच ओळखता आलं नाही. जाऊबाईंनी एका संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष नाही असं बघून हळूच हलवली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "सुपारी शे ना?"

यंदा गल्लीतल्या आणखी घरांनी गुलाबाई सांगितली आहे. एकच अट, वाजली पाहिजे. म्हणून रोज जेवणं उरकली की मी पोटात डोकं ठेवत बसते. प्रोग्राम मोठा शहाणा, दर वेळी विचारतो, आत सुटा तुकडा आहे, दुरुस्त करू? नात शेजारी बसलेली असते. माझ्याआधी तीच ओरडते, "नको!"