धुता येणारी भिंत

दौलत चाळके टांग्याच्या गाद्यांना रेक्झिन चढवायचा. चिपळूणकडून ठाण्याला येऊन त्याला वीस वर्षं झाली होती. टेंभी नाक्याजवळच्या त्याच्या दुकानातून निघालेल्या गादीवर सुरकुती शोधून सापडायची नाही.

१९५६ सालच्या एका सकाळी डॉ. मंदाकिनी पाळंदे त्याच्याकडे आल्या. पलीकडच्याच गल्लीत त्यांचं सहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांनी हातातली गुंडाळी उलगडली. फिकट हिरवं, जाड पण मऊ कापड. मागून सुती, वरून प्लॅस्टिक.

"याला व्हिनाईल म्हणतात. माझा भाऊ बोटीवर असतो, त्यानं आणलंय. तिकडे इस्पितळाच्या भिंतींना लावतात. तुम्ही लावाल?"

"बाई, मी गाद्यांचा माणूस. भिंतीला आपला चुनाच बरा."

"चुनाच नकोय मला." बाईंचा आवाज खाली आला. "गेल्या महिन्यात माझी एक बाळंतीण तापानं गेली. भिंतीमुळे गेली असं मी म्हणणार नाही, मला ते ठाऊक नाही. पण बाळंतपणाच्या खोलीत बाकी सगळं उकळता येतं, धुता येतं. भिंत तेवढी येत नाही. नुसता पदर लागला तरी चुना झडतो."

दौलतनं कापड मुठीत चुरगाळलं आणि सोडलं. घडी उरली नाही. कोपऱ्यातून हे न कापता वळेल, बारीक तडे झाकेल, हे त्याच्या बोटांना लगेच कळलं. तो हो म्हणाला.

काम सोपं निघालं नाही. भिंतीला खालून ओल येऊन लोणा लागला होता. त्यानं गिलावा खरवडून पुन्हा करवला आणि खोलीत दोन शेगड्या पेटत्या ठेवल्या. खोली बंद होती, बायकांना दुसरीकडे पाठवावं लागत होतं. बाई रोज दारात येऊन विचारायच्या, "आज लावताय ना?"

"नाही. आत ओल कोंडली तर कापडामागं बुरशी धरेल. वरून चकचकीत आणि आतून कुजकं. सुकू दे."

बाई चिडायच्या, पण परत जायच्या. दौलतलाही रात्री झोप लागत नव्हती. सोळा दिवस त्यानं भिंतीवर तळहात ठेवून पाहिलं. मग मैद्याची खळ शिजवली, बुरशी धरू नये म्हणून तीत मोरचूद घातला, आणि दोन दिवसांत तीन भिंती पुऱ्या केल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या भिंतीची शेवटची पट्टी वर टेकवली असतानाच अंगणात बैलगाडी थांबली. माजिवड्याच्या ठमाबाईनं सुनेला, शालूला आणलं होतं. पोटात पोर आडवं होतं. बाईंनी तपासलं आणि धावतच खोलीत आल्या.

"हिला दुसरीकडे पोचवायला वेळ नाही. खोली हवी. दहा मिनिटं देते."

पट्टी अर्धी लोंबत होती, मागे उघडा गिलावा. त्यानं पट्टी कोपऱ्यातून वळवली, शेजारच्या पट्टीवर दोन बोटं चढवली आणि दोन्ही थर एकाच दमात पात्यानं कापले. हात हलला असता तर सांध्यात फट पडली असती. हात हलला नाही. आया फरशी आणि भिंती कार्बोलिकनं धुऊ लागल्या.

"ही धुऊ नका!" तो ओरडला. "खळ ओली आहे, सांधा उघडेल. नुसती पुसा. बाई, टेबल हिच्यापासून लांब घ्या."

बाईंनी टेबल सरकवायला सांगितलं. दार लागलं.

ओट्यावर ठमाबाई बसली होती. आतून शालूचं कण्हणं येत होतं. मग तेही थांबलं.

"आवाज का नाय येत रे?" ठमाबाईनं त्याचा दंड धरला. "तू आतून आलास ना? सांग!"

आपण घाईत लावलेली पट्टी सुटून खाली आलीय, असंच त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. बऱ्याच वेळानं आत पोर रडलं. ठमाबाईनं त्याचा दंड सोडला.

त्याला आत बोलावलं तेव्हा एक आया भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे ओल्या फडक्यानं पुसत होती. एकदा पुसलं, डाग गेला. पट्टी जागेवर होती.

"अजून काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "ताप येतो तो तिसऱ्या दिवसाच्या सुमारास."

तेव्हापासून दौलत रोज येई. सांधे पाहायला आलोय म्हणे, आणि आयेला शालूचं विचारी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शालूचं अंग तापलं. बाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. दौलत ओट्यावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई बाहेर आल्या, चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"उतरला. दूध दाटलं होतं, दुसरं काही नव्हतं."

दहाव्या दिवशी शालू मुलीला घेऊन माजिवड्याला गेली. शेवटच्या पट्टीला खाली एक फुगा आला होता. दौलतनं तो भाग कापून नव्यानं बसवला, आणि बाईंना विचारलं, "शेजारची खोली कधी रिकामी करताय? तिची भिंत सुकायला महिना लागेल."