चढावर हलकी झालेली गाडी

गाडी हलकी झाली की माझा पाय ब्रेकवर जातो. बाकीच्या ड्रायव्हरांना रिकामी गाडी आवडते. मला मागे ओझं लागतं, आणि ते आरशात दिसावं लागतं.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत मुरबाडात एका मालकाच्या पिकअपवर लागलो. भात कापून होत आलं की पिकअपमागे दोन चाकांची मळणी मशीन जोडायची आणि गावोगाव झोडणीला न्यायची. मशीनचा दांडा गाडीच्या हुकात बसतो, वरून जाड पिन, पिन उसळू नये म्हणून खाली क्लिप. शिवाय एक साखळी, पिन निसटलीच तर मशीन धरून ठेवायला.

गेल्या वर्षी त्या सकाळी धसईहून निघताना हौद्यात पोती होती आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याची कडी तुटलेली. मी मशीनची साखळी सोडून तिने फाळका बांधला. क्लिप सापडेना, तिच्या जागी खिळा वाकवून घातला. टोकावड्याच्या अलीकडच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी गाडी एकदम हलकी झाली. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग आरशात पाहिलं. मशीन मागे मागे जात लहान होत होती. रस्ता सोडून ती खालच्या शेतात उतरली आणि बांधाला अडून थांबली.

त्या शेतात एक बाई भात कापत होती. नुकतीच पाणी प्यायला पलीकडच्या बांधावर गेली होती, म्हणून वाचली. ती बसली होती तिथूनच चाक गेलं होतं, आणि चाकाच्या खुणेत तिचा विळा वाकून पडला होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. मालकाने मला कामावरून काढलं नाही. फक्त मशीन न्यायला दुसरा माणूस आला आणि मी भाजी वाहू लागलो. बाजारात गवार उतरवतानाही मला आरशातली ती मशीन दिसे. फक्त त्यात बाई बांधावर गेलेली नसे.

यंदा तिचाच निरोप आला, मशीन पाठवा, नि तोच ड्रायव्हर पाठवा. मी नको म्हणालो. मालकाने किल्ली माझ्या हातात दिली. "तू आज नाय गेलास तं परत कवाच नाय जानार."

निम्मी सकाळ तयारीत गेली. टायरांत हवा भरली, मशीनच्या चाकांचे नट पान्याने आवळले, मागच्या दिव्याची वायर जोडून मालकाला ब्रेक दाबायला लावला. पिन घातली, क्लिप लावली, दुसरी एक क्लिप खिशात ठेवली. साखळीला वळणापुरती ढील दिली, पण जमिनीला घासेल इतकी नाही. मग दांडा वर ओढून पाहिला. हलला नाही. फाटकाशी जाऊन मी पुन्हा उतरलो आणि सगळं पुन्हा चाचपलं. मालक हसला नाही, हे त्याचे उपकार.

बाईच्या शेतात उतरायची वाट त्याच चढाच्या माथ्यावरून आहे. पायथ्याशी गाडी थांबवून परत खाली उतरलो, पिन आणि साखळी पाहिली. चढताना गाडी जड होती, अगदी वरपर्यंत जड.

बाई पुढे आली आणि दोन्ही हातांनी साखळी ओढून पाहिली.

"मागच्या खेपेला मशीन आधी आली नि तू मागून," ती म्हणाली. "यंदा दोघं संगती आलाव."

मी विचारलं, मावशी, मलाच का बोलावलंत?

"दुसरा कोन येल, कसा बांधील, काय ठावं? तू आता इसरायचा नायस रे."

शेताची एक पट्टी कापायची राहिली होती. ती तिकडे गेली. विळा तोच होता. लोहाराने सरळ केलेला, पण पाठीला कुबड राहिलेलं.

मशीन तिथे सोडून मी डिझेल आणायला टोकावड्याकडे निघालो. शेताच्या वाटेचा चढ संपून माथ्यावर येताच गाडी हलकी झाली. पिन मीच काढली होती, साखळी मीच सीटखाली ठेवली होती. तरी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे जाऊन रिकाम्या हुकावर हात ठेवला. खाली शेतात तिची वाकलेली पाठ दिसत होती. ती उठून उभी राहीपर्यंत मी तिथून हललो नाही.