हात मांडीखाली

एक्स-रे केंद्राच्या मागच्या खोलीत टायपिस्टबाई सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसत. डॉक्टर फिल्म बघत रेकॉर्डरवर बोलायचे, बाई ते ऐकून रिपोर्ट टाइप करायच्या. इंग्रजी बेताचंच, पण एका शब्दावर त्यांचा भारी जीव: ‘अनरिमार्केबल’.

हाताखाली आलेली नवीन मुलगी नाक मुरडायची. “बाई, याचा अर्थ ‘दखल घेण्यासारखं नाही’. असं काय म्हणतात माणसाच्या हृदयाला?”

“बाहेर कुणाला म्हणालीस तर भांडायला उठेल. इथं म्हणालीस तर गळ्यात पडून रडेल.”

दहातल्या सात रिपोर्टांत तो शब्द यायचाच. त्यामुळे डॉक्टरांनी फुप्फुसांचं नाव घ्यायचा अवकाश, बाईंची बोटं तो उमटवून मोकळी. एकदा डॉक्टर बोलले भलतंच आणि बोटांनी लिहिलं आपलं नेहमीचं. सही करताना डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

आणि आज बाहेरच्या बाकावर बाईंचा नवराच बसला होता. बस दुरुस्तीच्या कारखान्यातला फिटर, तीन महिने खोकत होता. डॉक्टरकडे चला म्हटलं की “मला काय धाड भरलीय?” हे ठरलेलं.

त्याची टेप लागली. बोटांनी झरझर शब्द उमटवला आणि बाईंनी टेप थांबवली. हे डॉक्टर म्हणाले, की मेली माझी बोटं? देवा, आजच्या दिवस तरी ही खोटी पडू देऊ नकोस!

त्यांनी टेप मागे घेतली. दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि नुसतं ऐकलं. डॉक्टर जांभई देत म्हणाले, “हार्ट अँड लंग्ज, अनरिमार्केबल.” बाईंनी ते तिसऱ्यांदा ऐकलं, ते मात्र निव्वळ सुखासाठी. चष्मा धुऊन घ्यावा लागला.

सही झाल्यावर त्या बाहेर आल्या. नवरा बाकावरून उठून उभाच राहिला.

“काय म्हणाले?”

“धुळीचा खोकला आहे. बाकी दखल घेण्यासारखं तुमच्यात काही नाही.”

“हे तुझी आई लग्नाच्या आधीच म्हणाली होती!” तो हसला, खोकला, पुन्हा हसला. त्याचे डोळे मात्र भरले होते.

बाई आत वळल्या, तेव्हा बाकावरची बाकीची माणसं त्यांच्या हातातल्या कागदांकडे बघत होती. रोजच बघत असणार.

अजून अकरा टेपा उरल्या होत्या. बाईंनी पुढची लावली आणि आधी हात मांडीखाली घेतले.