सोमवारचा कागद

पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी मला कागदाची तीनपदरी घडी घालता यायची. मुरुम गावच्या बाजारात वडील पत्रकं वाटायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडं असायचं. दारूचा गुत्ता, हुंडा, चर्चमध्ये कुणी कुठं बसायचं, आमच्याकडं कशाचंही पत्रक निघायचं. खाली नाव-पत्ता नसेल तर ते पत्रक नव्हे, ती चुगली, असं वडील म्हणायचे.

त्यामुळं धाराशिवला आल्यावर, रविवारच्या उपासनेनंतर मागच्या खोलीत बसणाऱ्या कॉलेजच्या पाच मुलामुलींची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी जे येत होतं तेच केलं. एक पानी कागद लिहिला. ‘सोमवारी आपण कोण असतो?’ प्रेम, शांती, क्षमा यांतलं काही त्यात नव्हतं. दुसऱ्याच्या पेपरात बघू नका. गैरहजर असाल तर मैत्रिणीला ‘हजर’ म्हणायला लावू नका. न केलेल्या कामाखाली सही करू नका, केली असेल तर आपणहून सांगा. वर बायबलमधली एक ओळ, खाली माझा फोन नंबर.

पाचांतली एक ईट गावची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. बाकीचे कागदावर वाद घालत होते, हिनं तो घडी करून वहीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी शिकवणीत आठवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होते. तिचा फोन आला.

“ताई, सरांच्या खोलीबाहेर उभी आहे मी.”

हळू आवाजात तिनं सगळं सांगितलं. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी चौघींनी वीस विहिरींचं पाणी मोजायचं होतं. एकही विहीर न बघता, हॉस्टेलच्या जिन्यात बसून, त्यांनी मनानं आकडे भरले होते. माझा कागद वाचल्यावर तिनं फाईलच्या शेवटच्या पानावर लिहिलं, ‘या विहिरी आम्ही पाहिलेल्या नाहीत.’ वर चौघींच्या सह्या होत्याच. फाईल सरांना दिली. वहीतून काढलेला माझा कागद फाईलीत तसाच राहिला.

“सर विचारायलेत, हा कागद कुणी दिला. अजून दोन मास्तर आलेत आत. एक जण म्हणाले, कॉलेजात हे धंदे कधीपासून सुरू झाले?”

‘हे धंदे’ म्हणजे धर्मांतराचे, हे मला कळलं. हल्ली असा कागद कॉलेजात सापडला की त्यात काय लिहिलंय हे कुणी वाचत बसत नाही. या फोनवरून त्या फोनवर फिरणारा त्याचा फोटो मला डोळ्यांपुढं दिसला. खाली माझा नंबर. मग चर्चचं फाटक, मागची खोली, त्या पाचांची तोंडं. हातातला खडू मोडला तेव्हा पोरं हसली.

“सांग, एसटीत सापडला,” मी म्हणाले.

“सापडला म्हणू?”

“हां. तुळजापूरच्या गाडीत. सीटवर पडला होता.” गाडीसुद्धा मीच पुरवली.

ती म्हणाली, “ताई, खाली तुमचा नंबर आहे.”

टोमणा नव्हता तो. रविवारी ज्या आवाजात ती शंका विचारायची, त्याच आवाजात सांगत होती.

“थांब, काही बोलू नकोस. मी येते.”

रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. आमचा हक्क, आमचं स्वातंत्र्य. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं एकही वाक्य शेवटपर्यंत जाईना. फाटकावर वॉचमननं अडवावं असं मनापासून वाटलं. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

सरांच्या खोलीबाहेर बाकीच्या तिघी उभ्या होत्या. त्यांतली एक, उंच, शेतकऱ्याची पोरगी, माझ्याकडं वळली.

“तुम्हीच का त्या? तुमच्या देवाला खरं पाहिजे होतं, तर हिनं हिच्यापुरतं सांगायचं. माझी सही कशाला ओढली? एक विषय राहिला की कॉलेज बंद, असं सांगितलंय अण्णांनी. स्थळ बघून ठेवलंय.”

आपली चूक आपण सांगावी, एवढंच मी लिहिलं होतं. चार सह्या एका ओळीत असताना त्यातली आपली तेवढी कशी सांगायची, हा विचार मी केलाच नव्हता. ईटची मुलगी भिंतीला टेकून खाली बघत होती.

आत सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली माझा कागद होता.

“हे तुमचं?”

“हो.”

“काय म्हणालात?”

माझा आवाज मलाच ऐकू आला नव्हता. “माझं आहे. मीच लिहिलं, मीच दिलं. ती आमच्या चर्चची आहे. आणि मघाशी फोनवर तिला खोटं बोलायला मीच सांगितलं.”

शेवटचं वाक्य का बोलले ते सांगता येत नाही. ते पोटात ठेवून उभं राहता आलं नसतं.

खिडकीजवळचे मास्तर हसले. “घ्या. लिहिणारीच पळायला निघाली होती.”

सर हसले नाहीत. “आठ दिवस देतो. चौघींनी टेप घेऊन जायचं, वीसच्या वीस विहिरी बघायच्या. नापास करायचं का ते मग ठरवू.”

“आणि कागद?”

“राहू द्या माझ्याकडं.” त्यांनी तो खणात टाकला आणि किल्ली फिरवली.

दोन दिवस मीही त्यांच्याबरोबर उन्हात फिरले. टेप उंच मुलीच्या हातात असायची, कारण विहिरी तिलाच कळत होत्या. “मागं सर की गं,” ती ईटच्या मुलीवर खेकसली, “कड ढासळलेली आहे. पडलीस तर तेबी खरं लिवावं लागंल.” अकराव्या विहिरीवर तिनं आपली पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. माझ्याशी ती बोलली नाही.

चौघी पास झाल्या. उंच मुलगी कॉलेजात आहे. अजूनही मी समोरून आले की ती रस्ता ओलांडते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

रविवारी त्या पाचांना मी एसटीची गोष्ट सांगितली. नव्या कागदात एक ओळ वाढवली: ज्यांची सही आपल्या सहीशेजारी आहे, त्यांना आधी सांगा. खाली नंबर घालायचा की नाही, यावर मात्र मी तीन आठवडे अडून बसले. शेवटी घातला.

पहिला कागद अजून त्या खणात आहे. अनोळखी नंबर वाजला की दोन रिंग जाऊ देते. मग उचलते, आणि पलीकडच्यानं विचारायच्या आधी आपलं नाव सांगते.