सोनेरी केसाची बहीण

साखऱ्याचे तातेराव कारगिलहून धडधाकट परत आले. त्याचं श्रेय ते देवाला देतात, आईला देतात, आणि परदेशातल्या कधी न पाहिलेल्या एका बाईलाही देतात. त्या लढाईत गोळ्या कमी पडू लागल्या तेव्हा बाहेरच्या कारखान्यांना घाईघाईनं ठेका दिला गेला, असं त्यांच्या तुकडीत बोललं जाई. तसलीच एक पेटी तातेरावांच्या वाट्याला आली. वरची अक्षरं कुणालाच वाचता येईनात, पण आतल्या तेलकट कागदाला एक लांबलचक सोनेरी केस चिकटला होता. म्हणजे गोळ्या तपासून भरणारी बाईच, यात तातेरावांना शंका उरली नाही. दुसऱ्या दिवशी चौकीवर हल्ला झाला आणि त्या पेटीतली एकही गोळी बंदुकीत अडकली नाही.

तेव्हापासून ती त्यांची बहीण. दर भाऊबीजेला तिच्या नावानं ते गावातल्या भाऊ नसलेल्या एखाद्या बाईला लुगडं देतात. द्वारकाबाई नवऱ्याला डिवचतात, की नणंद सोनेरी केसांची मिळाली खरी, पण माहेरपणाला काही येत नाही. लुगडं निवडायला मात्र त्याच पुढं असतात.

यंदा त्यांच्याच घरची बहीण अडकली. लेक कोमल नागपूरकडच्या एका काडतुसांच्या कारखान्यात तपासणीवर आहे. लढाईत गुंतलेल्या कुठल्याशा देशाची मोठी ऑर्डर आली आणि सणाची सुट्टी रद्द झाली. कॉलेजात जाणारा धाकटा हरीश रुसून बसला. सणाला लेकीला सोडत नाहीत तर असली नोकरी हवीच कशाला, असं द्वारकाबाईंनी फोनवर ठणकावलं. कोमलचंही मन उडालं होतं. दिवसभर काडतुसं निरखून डोळे शिणायचे, आणि तेही कुणासाठी ते कळायचं नाही. सोडूनच येते, म्हणाली.

भाऊबीजेला तातेराव पहाटेच निघाले. हरीशला घेऊन त्यांनी कनेरगाव नाक्यावर एसटी धरली. द्वारकाबाईंनी करंज्यांचा डबा दिलाच. रागावल्या म्हणून काय झालं.

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाबाहेर कोमलनं भावाला ओवाळलं. वाऱ्यानं दिवा टिकेना, तेव्हा मैत्रिणींनी ओढण्यांचा आडोसा धरला. मग त्यांनीही एकेक करून हरीशला ओवाळून घेतलं. करंज्या वाटून झाल्यावर कोमलनं वडिलांना विचारलं, "आबा, ह्या गोळ्या कुणाला लागतील, याचं तुमाला काही वाटत न्हाई का?"

"वाटतं की. कुणाला लागंल, मला बी ठाव न्हाई. पर गोळी अडकली की बंदूक धरणारं लेकरू मरतं, हे म्या पाह्यलंय. माझ्या शेजारचा शंकरसिंग तसाच गेला. त्याची पेटी दुसरी व्हती."

हे त्यांनी घरात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी लेकीचे पितळेचा वास येणारे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

कोमल कावरीबावरी झाली. "आबा, तुमच्या गोळ्या मी न्हाई तपासल्या."

"व्हय माय. जिनं तपासल्या तिला म्या कुठं गाठू? ती बी तिच्या सणाला घरी गेली नसंल." तातेरावांनी तिचे हात सोडले. "नोकरी सोडायची तर सोड, मी आडवा येणार न्हाई. पर आजची पेटी नीट बघून दे."

भोंगा झाला. कोमल डोळे पुसत फाटकातून आत गेली आणि तिथूनच तिनं हरीशला हाक मारली.

"आईला सांग, ऑर्डर झाली की येते."