आधी जनावरं, मग माणसं

परवा दुपारी मांजरा नदीचं पाणी देवणीजवळच्या आमच्या गावात, खालच्या गल्लीत शिरलं. मी ग्रामपंचायतीची सदस्य, सगळ्या गावाची काळजी करायची. पण पाय पळत होते ते गयामावशीच्या घराकडे...

मावशी एकटी राहते. सोबतीला एक गाभण देवणी गाय. मागच्या पुरात आम्ही लोकांना शाळेत नेलं आणि मावशी गायीसाठी गुपचूप मागे फिरली. छातीएवढ्या पाण्यातून दोघींना कसंबसं बाहेर काढलं होतं.

दावणीला गाय बांधलेली असली की आमच्याकडचं माणूस घर सोडत नाही. म्हणून यंदा गावाचा आपत्ती आराखडा करताना आम्ही बायकांनी हट्टच धरला... आधी जनावरं, मग माणसं.

ग्रामसभेत हशा पिकला. "ताई, म्हशींला बी शाळेत बसवता काय?" सरपंचभाऊंनी विचारलं. "बसवा की, तुमच्यापरीस गप बसतील!" मागून मावशी ओरडली.

ठराव मात्र झाला. माळावर पत्र्याची शेड, कडबा, पाण्याचा हौद. पहिल्या भोंग्याला जनावरं सोडून माळावर न्यायची, दुसऱ्याला माणसांनी निघायचं.

परवा मी तालुक्याला गेले होते. परत येईपर्यंत दोन्ही भोंगे वाजून गेलेले. मावशीच्या दाराला कुलूप, खुंटा रिकामा, पाणी उंबऱ्याला लागलेलं... गाय सुटून नदीकडं गेली आणि ही तिच्यामागं गेली तर?

धावत माळ गाठला. शेडच्या तोंडाशी मावशी उभी, पदर खोचून, येईल त्याला दरडावत. "सरका की आत! वाटंत काय उभारलाव?" मागे गाय निवांत कडबा खात होती.

मला बघून म्हणाली, "लई उशीर केलीस गं. भोंगा ऐकू आला न्हाई का?" मी तिला मिठीच मारली.

काल पाणी उतरलं. तलाठी पंचनाम्याला आले. पडलेल्या भिंती, भिजलेली ज्वारी, सगळं लिहून झालं. मग त्यांनी विचारलं, "माणसं, जनावरं किती दगावली?"

सरपंचभाऊ छाती फुगवून म्हणाले, "एक बी न्हाई, साहेब!"

आणि चिखलात उभ्या असलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या... पंचनाम्याला टाळ्या पडताना मी पहिल्यांदाच ऐकल्या. या माणसांनी मला निवडून दिलंय, याचं काल फार अप्रूप वाटलं.